लाभ

लटरवर्थच्या बाहेर, मोटरवेला खेटून,
मेंढ्यांनी कुरतडलेलं एकच शेत उरलंय.
त्याच्या पलीकडे हे गोदाम. खिडकी नाही.
पत्र्यांना आकाशाचा रंग,
खाली गडद, वर फिकट होत गेलेला,
म्हणजे लांबून ते नसल्यासारखं दिसावं.

मला पाठवलं होतं ह्याचा जुळा बनवायला.
प्रत्येक फळी, प्रत्येक खण, खोकं न् खोकं
पडद्यावर हुबेहूब.
पहिला आठवडा मी नुसती चालले, टॅब्लेट छातीशी धरून,
मागून लॉरेन ट्विगर, रिकाम्या हातांनी.
एकोणतीस वर्षं तिची इथं.
"हा खण रिकामा का?" मी विचारलं.
ती काय म्हणाली ते नीट आठवत नाही,
मला ऐकू आलं : तो रुसलाय.
फळी आतून बाकलेली, जड काही पेलत नाही.
हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.
मी लिहून घेतलं.
तेवढं तिच्याकडचं कमी झालं.

हसमुख टंडेल, दमणचा, रात्रीत अकरा मैल चालायचा.
आता केशरी यंत्रं मांडण्या पाठीवर घेऊन
आहेर द्यायला आल्यासारखी रांगेनं त्याच्यापुढं थांबतात.
तो चार फुटांच्या चौकोनात उभा.
"घोटे सुजतात, ताई," म्हणाला,
"न चालून सुजतात. हे नवीनच."

बदलाची रात्र. पहाटे दोन.
जुळ्यात चार लाख अठरा हजार दोनशे पाच.
गोदामात एक जास्त.
एक कमी असता तर चोरी म्हणून मिटलं असतं.
जास्तीचं काय करायचं?

लॉरेन उठली, एकेचाळीस नंबरच्या खांबामागं गेली,
आणि बुटांच्या खोक्याएवढं एक पार्सल घेऊन आली.
तीनदा परत आलेलं. पत्ता अर्धा भिजलेला.
भंगारात टाक म्हणून तीन मॅनेजरांनी सांगितलं,
तिघेही गेले. पार्सल राहिलं.
"उघडलंस कधी?"
"माझं नाही ते," ती म्हणाली.

बार्शीच्या आडतीत माझे वडील मापाडी.
पहिलं माप ओतताना 'एक' म्हणत नसत.
लाभ, म्हणत. मग दोन, मग तीन.
एक म्हटलं की धान्याला कळतं, आपण संपणार.
माझी यंत्रणा शून्यापासून मोजते.
तिला मी हे कसं सांगू?

मालाचं नाव टाकल्याशिवाय पडदा पुढं सरकेना.
मागं सगळे जांभया देत उभे.
मी रोमन अक्षरांत टाइप केलं : लाभ.
त्यानं निमूट घेतलं.

ज्याला मागणी नाही, ते ही यंत्रं
रोज रात्री थोडं थोडं मागं नेऊन ठेवतात.
कुणी सांगावं लागत नाही.
मार्चमध्ये ते बारावीस होतं, जूनमध्ये तेहतिसावीस.
जूनमध्येच लॉरेनला केक कापून मोकळं केलं,
केकवर तिच्या नावातला एक आर कमी.

आता शुक्रवारी तिचा मेसेज येतो,
नमस्कार नाही, हवापाणी नाही :
आज कुठंय?

मी लेस्टरच्या खोलीत, भाताचा कुकर लावून,
जुळा उघडते
आणि तिला खणाचा नंबर पाठवते.