जवळून

परभणीच्या सपाटीवर वाढले मी.
आमच्याकडे उंच म्हणजे पाण्याची टाकी
आणि तिच्यावर चढायला बंदी.
'दुरून डोंगर साजरे' ही म्हण शाळेत दहादा लिहिली,
पण पडताळून पाहायला
दूरसुद्धा डोंगर नव्हता.

इथे रुस्ताकला
तो ओट्यासमोरच्या खिडकीतच उभा असतो.
संध्याकाळी कुकरच्या पहिल्या शिट्टीला तपकिरी,
तिसरीला तांबूस,
वरण घोटून होईतो राखेसारखा.
अंगावर गवताची काडी नाही.
पहिल्या वर्षी वाटायचं,
कुणीतरी भाजायला ठेवलाय
आणि उतरवायला विसरलंय.

शुक्रवारी आम्ही निघतो.
निघतो म्हणजे
श्रीरंग चारी टायरांना एकेक लाथ मारून बघतो,
मी धपाटे फडक्यात बांधते,
शाल्मलीचा एक बूट सापडत नाही,
आणि सातचे साडेनऊ होतात.

वादीत पाणी आहे, असं बशीरनं सांगितलेलं असतं.
बशीर किराणावाला, कासरगोडचा,
जो आठ वर्षांत दुकानाच्या पायरीपलीकडे गेलेला नाही.
तरी कधीकधी त्याचं खरं निघतं.
दोन खडकांच्या बेचक्यात हिरवट पाणी,
त्यात बोटाएवढे मासे,
पाय सोडले की टाचांच्या भेगा कुरतडणारे.
शाल्मली किंचाळते, मग हसते,
मग तासभर हलत नाही.
माझ्या टाचांवर मात्र झुंबड.
'काळी माती मुरलीय त्यात,' श्रीरंग म्हणतो.
'चवीला चांगली असते.'

एकदा बकरीनं धपाटे खाल्ले. फडक्यासकट.
मी दगड उचलला
आणि परत खाली ठेवला.
ती इतकी शांतपणे चघळत होती,
वाटलं आता म्हणेल,
चटणीत लसूण कमी पडलाय.

आणि एकदा, वरच्या वळणावर,
टायर गेला.
चारी टायरांना लाथ मारणारा माणूस
पाचव्याला विसरला होता.
स्टेपनीत हवा नाही, फोनला रेंज नाही,
ऊन असं की आमच्या सावल्यासुद्धा
गाडीखाली शिरलेल्या.

तेव्हा कड्यावरून एक म्हातारा उतरला,
आम्ही जिना उतरतो तसा.
खांद्यावर पाण्याचा कॅन. नाव खलफान.
टायरकडे त्यानं पाहिलंच नाही.
खिशातून खजूर काढले, शाल्मलीला दिले,
आणि हातानं खूण केली: बसा.
पुतण्या येईल. नमाजानंतर.

आम्ही बसलो.
तीन तास काही झालं नाही.
एकदा एक खडा घरंगळला,
एकदा वारा दिशा बदलून आला.
इतकं काही न होणं
मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मध्येच तो डोंगराकडे हनुवटी उडवून काहीतरी बोलला.
शाल्मलीला शाळेत अरबी आहे. ती म्हणाली,
'आजोबा म्हणतात, डोंगर चालतो.'
मग थोडं थांबून,
'किंवा डोंगर चालवून घेतो.
तो शब्द अजून झालेला नाही आम्हाला.'

पुतण्यानं टायर लावला.
खलफाननं पैसे हातात धरले नाहीत,
पण लिंबाच्या लोणच्याची बरणी
झाकण उघडून हुंगली,
आणि बगलेत मारून वर निघून गेला.

महिन्यानं बरणी बशीरच्या दुकानात आली,
खजुरांनी भरलेली, झाकणाखाली माझंच फडकं.
बकरीनं खाल्लं ते नव्हे, दुसरं.
ते मी कधी आणि कुठे विसरले,
अजून आठवत नाही.

आता ओट्याशी उभी असले की
दुसऱ्या खांद्याच्या जरा वर
एक पांढरा ठिपका दिसतो.
मी म्हणते, त्याचं घर.
शाल्मली म्हणते, 'आई, ती पाण्याची टाकी आहे.'

असेलही.
बंदीची पाटी इथून तरी दिसत नाही.
तिसरी शिट्टी झाली. गॅस बारीक करते.
शुक्रवारी बघू.