खोली सात, फहाहील

परकार गावी कधीच मत द्यायचा नाही.
म्हणायचा, धनी निवडायला गेलो
तर धनीच नको हे कुठल्या तोंडाने सांगू?
शाई न लागलेलं बोट मिरवायचा.

इथे त्याला कुणी विचारतच नाही.
पासपोर्ट कफीलच्या कपाटात.
नाही म्हणायलासुद्धा
समोर कुणी पेटी धरावी लागते.

काल एसीवरून तंटा, अठरा की चोवीस.
मी म्हटलं, हात वर करा.
तो म्हणाला, हात नको, बोलू या.
दोन वाजेपर्यंत बोललो सहा जण, तीन भाषांत,
पहाटे पाचची बस डोक्यावर घेऊन.
शेवटी माझी गोधडी शाजीकडे गेली.
एसी अठरावरच.

आता परकार घोरतोय.
झोपेत त्याचा हात
वरच्या बंकच्या फळीला टेकलेला, सरळ.

मी मोजला नाही.