शेरा

दिग्रजचं एकच रान
तीन याद्यांत तीन ठिकाणी.
कारखान्याच्या वहीत गट नंबर, खोली एक वीत.
विद्यापीठाच्या फाइलीत तीस सेंटिमीटर.
पाटबंधारेवाल्यांचा ठिपका तर
थेट कृष्णेच्या पात्रात.

आठवडाभर रकाने जुळवतेय.
सामू सामूखाली, क्षार क्षारांखाली.
एकाची चोपण ती दुसऱ्याची सोडिक,
तिसऱ्यानं नुसतंच लिहिलंय: खराब.

बाबालाल मुलाणींना फोन लावला.
एकोणनव्वद साली पिशव्या त्यांनीच भरलेल्या.
"पात्रात कुठलं? चिंचेपासनं सतरा पावलं वर.
पाय ठेवला की कुरकुरायची,
पापडावानी. तेवढं लिव्ह."

पाऊल केवढं, विचारलं.
फोनमध्ये थोडा वेळ
फक्त चपलांचा आवाज.
"सोप्यात मोजलं. दोन फूट भरतंय.
तवा जरा जास्त आसंल."

जास्त धरलं.
ठिपका पाण्यातून उचलून रानात ठेवला.

उद्यापासून ही यादी कुणालाही उघडेल,
आष्ट्यात, नैरोबीत,
पासवर्ड नाही.
कुरकुरण्याला एकक सापडेना, म्हणून
शेवटी एक रकाना वाढवला. शेरा.

नऊ हजार चारशे ओळी.
एकीतच काही लिहिलेलं.