क्षमता : अठरा पौंड

अर्जातल्या सातव्या प्रश्नाला
(आपल्या संस्थेची सध्याची क्षमता किती?)
मार्गित फेकेतेने निळ्या शाईत लिहिलं होतं :
अठरा पौंड. अशी दोन यंत्रं.
तिसरं ऑगस्टपासून बंद आहे.

तोवर माझे एकशे बारा अर्ज वाचून झाले होते.
शाश्वत, सर्वसमावेशक, परिवर्तन,
इस्त्री करून घडी घातलेले शब्द,
कुणी एकदाही अंगात न घातलेले.
आणि मधेच हे अठरा पौंड,
ओल्या चादरीसारखे हाताला लागणारे.

टोलेडोत, नदीच्या पूर्वेला,
चर्चच्या तळघरात उतरायला तेरा पायऱ्या.
ज्यांना घर नाही त्यांचे कपडे इथे फुकट धुतात,
आणि वाळेपर्यंत बसायला खुर्ची,
गुंडाळून घ्यायला कुणाचा तरी जुना बाथरोब.

'पैसे मिळतील,' मी म्हटलं, 'पंधरा हजार डॉलर.
पण त्यातून यंत्र घेता येणार नाही.'
'मग साबण?'
'साबणही नाही.'
'मग देता कशासाठी?'
'क्षमता वाढवण्यासाठी.'
तिने एप्रनला हात पुसले, सावकाश,
समोरच्याला शुद्धीवर यायला वेळ द्यावा तसे.
नियम मी केलेले नाहीत, मी म्हटलं.
हे वाक्य माझ्या अंगवळणी पडलंय.

आम्ही सल्लागार पाठवला, डेलरॉय पिंकनी.
त्याने पहिल्याच दिवशी विचारलं,
'उद्या तुम्ही आला नाहीत तर?'
'मी येते.'
'पण नाहीच आलात तर?'
'एकवीस वर्षं येतेय.'
त्याने पेनाचं टोपण लावलं.
मग अख्खा हिवाळा ड्रायरशेजारी बसून
तो तिच्या डोक्यातलं कागदावर उतरवत राहिला :

बॉयलर अडला तर डाव्या कुशीत बुक्की. एकच. खालून.
गुरुवारच्या हर्शेलला सुगंधी साबण नको, अंगावर पित्त उठतं.
रूबीचे खिसे आपण तपासायचे नाहीत.
तीच रिकामे करील. कितीही वेळ लागो.
पोलीस आले तर आधी कॉफी.

आणि किल्ली.
एकच होती, तिच्या गळ्यात, स्वेटरच्या आत,
अंगाच्या उबेची.
तिच्या चार प्रती केल्या, अकरा डॉलर चाळीस सेंट.
पावती मी 'क्षमतावर्धन' या खात्यात टाकली.
कुणी हरकत घेतली नाही.
मूळ किल्ली मात्र तिने डेलरॉयच्या हाती दिली नाही,
दुकानात स्वतः गेली, काउंटरशी उभी राहिली,
किस पडताना बघत.

पुढच्या नोव्हेंबरात खुब्याचं ऑपरेशन.
सोमवारी नऊला मी फुलं घेऊन पोचले
तर फोन तिच्या पोटावर, पांघरुणावर ठेवलेला.
पहाटे पाचपासून तसाच.
साडेसहाला दार उघडतं तळघराचं.
'वाजला नाही,' ती म्हणाली.
'म्हणजे उघडलं असणार.'
'किंवा हा बिघडलाय.'
मी माझ्या फोनवरून तिचा नंबर लावला.
तो थरथरला, जरासा सरकला,
पांघरुणाच्या घडीत पालथा पडला.
आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो.

मला वाटलं ती हसेल.
तिने भिंतीकडे तोंड केलं,
आणि बऱ्याच वेळाने विचारलं,
'बुक्की खालूनच मारली असेल ना?'

अंतिम अहवालात एक रकाना असतो :
मोजता येण्याजोगा बदल.
मी लिहिलं, सोमवारी सकाळी फोन वाजला नाही.
आमच्या संचालकांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं
आणि नंतर, का कोण जाणे, खोडलं.

सहीसाठी कागद तिच्याकडे गेला.
परत आला तेव्हा सहीच्या खाली,
निळ्या शाईत, एक ओळ जास्तीची :
तिसरं अजून बंद आहे.