आडोसा

डोंगरावरच्या त्या खोलीला नाव नाही.
नकाशात एक आकडा आहे, आणि हानुस तिला
‘सुन्वाचं कपाट’ म्हणतो.
आत हायड्रोजनच्या आठ बाटल्या,
वहीएवढ्या पत्र्यांची एक चळत,
दोन पत्र्यांच्या मध्ये एकेक पडदा,
कांद्याच्या पापुद्र्यासारखा.
एकीकडून वायू, दुसरीकडून फॅरो बेटांची हवा.
मधल्या मधे वीज होते,
आणि थोडंसं पाणी.

हायड्रोजन येतो सोवळ्यातला, बाटलीबंद, मोजून.
हवा येते ती जशी असेल तशी.
हे मला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

पडदा ओलसर हवा, चिंब नको.
कोरडा पडला की तडकतो,
फार भिजला की गुदमरतो,
गोठला तर आतल्या आत उसवतो.
हे ऐकून हानुस म्हणाला, अगं, मग हे माझ्या मांसासारखंच की.
वाऱ्यावर वाळवायला टांगतो ना आम्ही,
फळ्यांच्या फटी मी ठोकतो,
पण चव ऑक्टोबर ठरवतो.

फेब्रुवारीत नैऋत्येचं वादळ आलं,
गावची वीज गेली, कपाट सुरू झालं.
चाळीस मिनिटं छान चाललं.
मग अठ्ठेचाळीस व्होल्टचे पंचेचाळीस,
एकेचाळीस,
मनोरा मुका.
बार्दुर तेव्हा समुद्रात होता, रेडिओवर हाका मारत.
सतरा मिनिटं त्याला कुणी ‘ओ’ दिली नाही.
पहाटे तो आपला आपण परतला,
माझ्याकडे कॉफी प्यायला,
आणि त्याबद्दल एक शब्द बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

मी अहवालात लिहिलं : मीठ.
इथे काहीही बिघडलं की मीठच लिहितात.
बोल्टांवर पांढरं साचलं होतं, खोटं नव्हतं ते.
गाळणी बदलली, नळ्या धुतल्या,
उघडिपीच्या दिवशी चाचणी घेतली.
पडदा सावरलेला, आकडा ताठ उभा.
पुन्हा घेतली. पुन्हा ताठ.
पुढच्या वादळात पुन्हा घसरला.

म्हणजे यंत्र माझ्यासमोर शहाण्यासारखं वागत होतं
आणि पाठ वळली की आजारी पडत होतं.

मार्चमध्ये एका वादळी रात्री
मी गाडीत बसून राहिले, दिवे मालवून.
अकराच्या सुमाराला आल्या.
एक, मग चार, मग मोजता येईनात.
ओल्या लोकरीचे गोळे, वाऱ्याकडे पाठ करून,
खोलीच्या त्याच भिंतीला टेकलेले
जिथून मी उबेला बाहेर सोडते,
पाणी गोठू नये म्हणून राखलेली ऊब.
आणि त्याच भिंतीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर,
श्वास घ्यायची जाळी.

मी दार उघडलं तर
मुताचा वास डोळ्यांत झोंबला.
अमोनिया.
इतके महिने मी समुद्राला दोष देत होते.

थंडीपासून जपायला ऊब दिली,
उबेनं मेंढ्या बोलावल्या,
मेंढ्यांनी हवा नासवली.
यातलं कुणाचं काय चुकलं, ते मला आजही सांगता येत नाही.

हानुसला म्हटलं, कुंपण घालू.
तो म्हणाला, मेंढ्या इथे तुझ्या कपाटाच्या आधीपासून उभ्या राहतात,
तेव्हा इथे एक धोंडा होता.
तो धोंडा आम्हीच हलवला होता, पायासाठी.

मग जाळी छतावर नेली, आत कोळशाची गाळणी बसवली,
उबेची नळी वीस पावलं लांब वळवली.
तिच्या तोंडाशी हानुसनं समुद्रातून वाहून आलेल्या
फळ्यांचा आडोसा ठोकला,
खिळे तोंडात धरून, माझ्याशी न बोलता.
बार्दुर आला होता फळ्या धरायला.
तेव्हा म्हणाला, सतरा नव्हे गं,
एकोणीस मिनिटं होती.

काल रात्रीची नोंद :
वारा नैऋत्य, झोडपणारा.
सत्तेचाळीस व्होल्ट, सकाळपर्यंत.
पडदा ओलसर.
मेंढ्या नव्या आडोशाला,
कान फाटलेली म्हातारी सोडून.
ती अजून जुन्याच भिंतीशी उभी आहे.
तिला हाकलली नाही.