पालथ्या झोपा, दोसिंदा

गुरुवारच्या यादीत पाच पाठी असतात.
चौथी दोसिंदाची.
वय एकसष्ट, धंदा तिसऱ्या काढणे,
डाव्या कमरेपासून अंगठ्यापर्यंत ठणका.
'कधीपासून' या रकान्यात तिनं लिहिलंय :
ओहोटी असते तेव्हापासून.

मी शिशाचा एप्रन चढवतो. सात किलो.
बारा वर्षं दुसऱ्यांचे मणके बघता बघता
माझ्याच कमरेचा काटा ढिला झालाय,
पण त्यासाठी फॉर्मवर रकाना नाही.

पालथ्या झोपा, दोसिंदा. पोटाखाली उशी घ्या.
ती हसते. चाळीस वर्षं ओणवी राहिले, ब्रेशो,
आडवी हो म्हणणारा तूच पहिला.
तिच्या टाचांच्या भेगांत खाडीचा करडा गाळ,
साबणाला न जुमानणारा.

पोंतेवेद्राच्या सर्जननं तिला
दोन सळ्या नि चार स्क्रू कागदावर काढून दिले होते.
हात छान आहे त्याचा, ती म्हणते,
पण आमची होडीसुद्धा अशीच जोडली होती, बोल्टांनी.
खारं पाणी काही विसरत नाही.

खारं पाणी तिथवर पोचत नाही,
डॉक्टर उक्सिया मान वर न करता सांगतात,
आणि हे इंजेक्शनही कायमचं नाही.
तीन महिने, कदाचित. कदाचित तीन आठवडे.
काहींना तर काहीच नाही.
आणि पाऊल उचलेनासं झालं
तर सळ्यांकडे जावंच लागेल.
बरं, दोसिंदा म्हणते,
तुम्ही हवामान खात्यासारखं बोलता. चालेल मला.

मी सी-आर्म तिरका करतो.
तिरप्या चित्रात मणका कुत्र्यासारखा दिसतो :
कान, डोळा, पुढचा पाय.
शिकाऊ असताना हे कुणीतरी दाखवतं
आणि मग जन्मभर दुसरं काही दिसत नाही.
सुई कुत्र्याच्या हनुवटीखाली जायची, हाडाला न डिवचता.

किती कुत्रे? ती उशीत तोंड खुपसून विचारते.
कमरेत पाच.
माझा एकच होता. त्यालाही जिना चढवेना शेवटी.

बोलू नका. श्वास धरा.
पडद्यावर सुईची रेघ,
एक मिलिमीटर,
अजून अर्धा,

तोच! ती ओरडते. तोच तो!
बाजारात पाकीटमाराचा हात धरावा तशी.
डॉक्टर थांबतात. तसूभर मागे घेतात.
मग रंगद्रव्य : काळी धार नसेच्या कडेनं उतरते,
मध्येच फुटते, पुन्हा जुळते.
मान वाकवून तिनं पडदा पाहिलाच.
अगं बाई, ही तर कांबादोसची खाडी,
ओहोटीला शेवटचं पाणी असंच जातं.
मग औषध. दोन मिनिटं, तीही नाही.

बुटांत पाय घालताना ती भिंत धरत नाही
हे मी पाहतो. डॉक्टरही पाहतात.
कुणीच काही बोलत नाही.
दोन दिवस चिखलात जायचं नाही, मी सांगतो.
ओहोटीला सांगितलंस का तसं?
असं म्हणून ती गेली.
पाचवी पाठ आत आली.

ऑगस्टच्या यादीत तिचं नाव नव्हतं. सप्टेंबरच्याही.
नाव नसणं म्हणजे बरं असणं,
की सळ्या,
की सकाळची बस न परवडणं,
यादीला हे ठाऊक नसतं.

एकदा पुलावर गाडी थांबवली.
पाणी ओसरलेलं. साठेक बायका ओणव्या,
रबरी बूट, दाताळी, बादल्या.
पाठीवरून माणूस ओळखणं माझा धंदा,
पण इतक्या दुरून, अंगात कपडे असताना,
एकही ओळखता आली नाही.
एक जण मध्येच सरळ उभी राहिली,
दोन्ही हात कमरेवर ठेवून खाडीकडे बघत.
ती असेल.
किंवा दम खाणारी दुसरी कुणी.

मागून हॉर्न वाजला.
मी बसलो, दार ओढलं,
आणि पट्टा लावायला वळताना
कळ आली.
डावीकडे. पाचवा असावा.