दोन म्हणजे नाही

रात्री पावणेबाराला
शिरोलीच्या फाउंड्रीत
आमचा रोबो उभा राहिला.
उभा म्हणजे काय, त्याला पाय नाहीत.
एक प्रोग्राम, एक पासवर्ड,
मी शिकवलेल्या चौतीस पायऱ्या.
चौदाव्या पायरीवर बिल्टीचं बटण दाबायचं होतं.
बटणावर कुणीतरी येऊन बसलं होतं.

दोन वाजता मगदूम सुपरवायझरांचा फोन,
"मॅडम, तुमचं पोरगं रुसलंय बघा."

कसबा बावड्यातून स्कूटर काढली.
कारखान्याच्या मळीचा वास
शियेच्या पुलापर्यंत सोबत येतो,
पुढं कधीतरी जळक्या वाळूचा सुरू होतो.
मधल्या पट्ट्यात कसलाच वास नव्हता,
फक्त थंडी,
आणि उसाच्या ट्रॉलीचा एकच लाल दिवा.

स्क्रीनवर डाव्या कोपऱ्यात
पत्त्याएवढी पांढरी खिडकी:
ही साइट तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते.
परवानगी द्या. अडवा.

इतक्या अदबीनं मला कुणी काही विचारल्याचं
आठवेना.

लॉग उघडला. तीनशेवर ओळी, सगळ्या सारख्या:
बटण दिसलं. दाबता आलं नाही.
बटण दिसलं. दाबता आलं नाही.
खिडकीबद्दल एक अक्षर नाही.
त्याच्या लेखी ती नव्हतीच.

दस्तगीर ड्रायव्हर दारात येऊन उभा,
पंपाची कास्टिंग भरून झालेली, पुणं गाठायचं होतं.
मी सांगितलं काय झालंय ते.
"म्हंजे कोणतरी दारातनं इचारतंय, आत येऊ काय,
आन् ह्यो नुस्ता बघत उभा?"
"बघतही नाही. त्याला नाही म्हणता येत नाही."
"आन् व्हय?"
"तेही नाही."
"मग आमच्या मेव्हण्यागत हाय,"
म्हणाला, आणि तंबाखू मळायला लागला.

हे काम आधी सुकुमार उपाध्ये करायचे.
एकोणीस वर्षं.
मी चार दिवस त्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून
एकेक क्लिक वहीत उतरवून घेतला होता.
"अजून काही?" असं रोज संध्याकाळी विचारायची.
ते म्हणायचे, एवढंच.
आता ते वजनकाट्याच्या खोलीत बसतात,
कानटोपी घालून, रात्रपाळीला.

गेले.
"काका, ती खिडकी यायची तेव्हा काय करायचात?"
"कुठली खिडकी?"
"कोपऱ्यातली. परवानगी मागणारी."
"तसलं काय येत नव्हतं, बाई."
असं म्हणताना त्यांचं बोट
टेबलावर जरासं उडालं,
गुळाच्या ढेपेवरची माशी
न बघता उडवावी तसं.
त्यांनी ते पाहिलं नाही.
माझ्या वहीतही ते नव्हतं.

परत येऊन ब्राउझरच्या प्रोफाइलमध्ये एक ओळ घातली.
शून्य म्हणजे विचारा.
एक म्हणजे हो.
दोन म्हणजे नाही.
मी दोन लिहिला.
आता दार उघडायच्या आधीच नाही सांगून ठेवलेलं असेल,
कुणी विचारायलाच येणार नाही.
रोबोला यातलं काही कळलं नाही. तो चालू लागला,
चौदा, पंधरा, सोळा,
आणि प्रिंटर खाकरला.

दस्तगीरनं बिल्टी खिशात कोंबली,
"एवढ्यासाठी आलासा व्हय बावड्यास्नं?"

ट्रक काट्यावर चढला तेव्हा साडेतीन वाजले होते.
उपाध्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली.
"चालू झालं?"
"झालं."
"माझ्याकडनं काय सांगायचं राहिलं होतं काय?"

मी म्हटलं, नाही.

त्यांनी मान हलवली,
आकडा स्थिर व्हायची वाट पाहिली,
आणि वजन लिहिलं
हातानं, रजिस्टरमध्ये,
शेवटच्या शून्याखाली
एक बारीक रेघ मारून.